जिथं तार संपायची : पुण्याच्या रुळांवर एकत्र नांदलेले काळ

१९६०च्या दशकातलं पुणे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. मुंबईहून आलेली गाडी विजेच्या इंजिनानं घाट चढवून आणलेली असायची. ती पुढं दौंड-सोलापूरकडं जाणारी असेल, तर ते इंजिन इथं सुटायचं, कारण डोक्यावरची तार इथंच संपायची. मग वाफेचं इंजिन उलट्या पावली येऊन गाडीला लागायचं. मिरजेकडं जाणारी गाडी तर वेगळ्याच रुळांवर उभी असायची. मुंबईच्या गाडीचे रूळ १,६७६ मिलिमीटर अंतराचे, मिरजेचे १,००० मिलिमीटरचे.

रेल्वेचा इतिहास आपण सहसा वाफ, मग डिझेल, मग वीज अशा क्रमानं सांगतो. युरोपातल्या मॉडेल-रेल्वेवाल्यांनी तर काळांना क्रमांकच दिलेत. १९२०पर्यंतचा पहिला, १९४५पर्यंतचा दुसरा, पुढं तिसरा, चौथा. कुणी 'मी तिसऱ्या काळाचा' म्हणालं की त्याच्या टेबलावर कोणती इंजिनं असतील हे समोरच्याला कळतं. पुण्याच्या रुळांना मात्र ही मोजपट्टी लागू पडत नाही. इथं वीज १९२९ साली आली आणि डिझेल त्यानंतर कित्येक वर्षांनी. दौंडच्या दिशेनं तार पुढं सरकायला तर ऐंशीहून अधिक वर्षं लागली. काळ इथं एकामागून एक आले नाहीत, ते शेजारी शेजारी नांदले. असं का झालं, हे समजून घ्यायला कर्जतच्या पुढं चढणाऱ्या घाटापासून सुरुवात करावी लागते.

टनामागं सत्तावीस किलो

मुंबई ते ठाणे गाडी १८५३ साली धावली. खोपोलीपर्यंत रूळ १८५६ साली आले आणि खंडाळा-पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला. मधला घाट मात्र बाकी होता. खोपोलीला उतरायचं, पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. ही दगदग १८६३ साली बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर संपली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी तो आखला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारले, तेव्हा त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट आपल्या अंगावर घेतलं आणि काम तडीस नेलं. १८६१च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर या डोंगरात खपत होते. हजारो माणसं पटकी आणि तापानं गेली. घाटातल्या इंजिनांचं कौतुक करताना ही माणसं विसरू नयेत.

या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. मोटार चालवणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेला तो जबर का आहे, हे साध्या हिशोबानं कळतं. सपाट रुळावर एक टन वजन हळू वेगानं ओढायला तीनेक किलोचा जोर पुरतो. पोलादाचं चाक पोलादाच्या रुळावर इतकं कमी अडतं, आणि रेल्वे स्वस्त पडते ती याचमुळं. पण १:३७च्या चढावर गुरुत्वाकर्षण प्रत्येक टनामागं १,००० भागिले ३७, म्हणजे २७ किलोनं मागं खेचतं. तीनाचे तीस झाले. मैदानात जे इंजिन दहा डबे सहज नेतं, त्याला इथं एक डबा जड जातो.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. चाक अडत कमी म्हणून ते धरतही कमी. कोरड्या रुळावर इंजिनाला आपल्या चालक चाकांवरच्या वजनाच्या साधारण पंचवीस ते तीस टक्के इतकाच जोर लावता येतो. त्याहून जास्त लावला की चाक जागच्या जागी फिरतं. ओल्या रुळावर ही पकड पंधरा-वीस टक्क्यांवर येते. सर्वांत वाईट वेळ धो-धो पावसाची नसून पहिल्या रिमझिमीची असते. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. रिमझिम मात्र रुळावरची धूळ, गंज आणि तेल यांचा पातळ लगदा करते आणि चाक त्यावर लोण्यासारखं सरकतं. अशा वेळी ड्रायव्हर चाकापुढं वाळू सोडतो आणि जोर कमी करतो. नवखा माणूस उलट करतो, गाडी थांबतेय असं पाहून जोर वाढवतो. मग चाक एकाच जागी फिरत राहतं आणि रुळाच्या माथ्यावर खळगा पडतो. तो नुसता घासल्यामुळं पडत नाही. घर्षणानं पोलाद तापतं, लगेच थंड होतं आणि तिथं ठिसूळ होतं. पुढं चीर जाते ती त्याच जागेवरून.

वाफ घाटात का दमली

वाफेचं इंजिन हा बहुतेकांचा पहिला लाडका काळ. त्याचं कारण उघड आहे. त्याचं सगळं यंत्र बाहेर दिसतं. दट्ट्या, कनेक्टिंग रॉड, चाकांना जोडणारे दांडे, सगळं डोळ्यांदेखत हलतं. पण घाटाच्या हिशोबात वाफेची बाजू लंगडी पडते.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातलं प्रसिद्ध डब्ल्यूपी इंजिन घ्या. हे मैदानातलं प्रवासी इंजिन, घाटातलं नव्हे, पण त्याच्या आकड्यांवरून मुद्दा चटकन कळतो. इंजिन आणि टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, मिळून वजन सुमारे १७० टन. त्यातलं चालक चाकांवर जेमतेम ५५ टन. म्हणजे दोन-तृतीयांश वजन पकडीला उपयोगी पडत नाही, उलट चढावर तेही ओढावं लागतं. घाटासाठी म्हणूनच टँक इंजिनं वापरत. त्यांत पाणी बॉयलरवरच्या टाकीत असायचं, त्यामुळं पाण्याचं वजन चाकांवर यायचं. जसजसं पाणी संपे तसतशी पकडही घटे. जळणाचा हिशोबही वाईटच. कोळशातल्या शंभर भाग उष्णतेपैकी सहा-आठ भाग ओढण्याच्या कामी यायचे, बाकी सगळे धुराड्यातून जायचे. आणि या घाटात पंचवीस बोगदे! धूर फायरमनच्याच नाकातोंडात.

एक गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. बॉयलर म्हणजे आडवं पिंप, त्याच्या एका टोकाला फायरबॉक्स. फायरबॉक्सच्या छताचा पत्रा नेहमी पाण्याखाली हवा. खालून भट्टी, वरून पाणी, आणि पाणीच त्या पत्र्याला वितळण्यापासून वाचवतं. आता सहा मीटर लांबीचा बॉयलर १:३७च्या चढावर न्या. दोन टोकांत १६ सेंटिमीटरचा फरक पडतो. पाणी खालच्या टोकाला जमतं. धुराडं चढाच्या दिशेला असेल तर पाणी फायरबॉक्सकडं येतं आणि छत सुरक्षित राहतं. तेच इंजिन उलट्या तोंडानं चढवलं, किंवा माथा ओलांडून उताराला लागलं, की पाणी पुढं सरकतं आणि छत उघडं पडू शकतं. म्हणून काचेच्या नळीतली पातळी 'ठीक' दिसली तरी ती कोणत्या उतारावर पाहिली हे महत्त्वाचं. त्या छतात शिशाचा एक डाट बसवलेला असतो. पत्रा फार तापला की शिसं वितळतं, भोकातून वाफ आणि पाणी भट्टीत शिरतं आणि जाळ बसतो. गाडी अडकते, पण बॉयलर फुटत नाही.

आणखी एक अडचण होती ती रिव्हर्सिंग स्टेशनची. घाटात एका ठिकाणी वळण घ्यायला जागाच नव्हती, म्हणून गाडी एका बंद टोकात शिरायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढं निघायची. १९२९ साली विजेबरोबर मार्गाची नवी आखणी झाली आणि हे स्टेशन बंद पडलं. घाटातली वाफही तेव्हाच मुख्य कामातून गेली. म्हणजे या घाटात वाफेनं ६६ वर्षं काढली. पुण्याहून सुटणाऱ्या दौंड बाजूच्या गाड्यांवर मात्र ती पुढची अनेक दशकं टिकली.

खेकडा

आमच्या मते पुण्याचा खरा स्वतःचा काळ १५०० व्होल्ट डीसीचा, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचा. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली. चारच वर्षांत, १९२९ साली, तार घाट चढून पुण्यापर्यंत आली. देशातल्या बहुतेक मोठ्या शहरांना लांब पल्ल्याची विजेची गाडी पाहायला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली. कारण घाटात कोळशापेक्षा वीज स्वस्त पडत होती आणि मैदानात तसं नव्हतं. रेल्वेनं वीज बनवायला कल्याणजवळ ठाकुर्लीला स्वतःचं वीजघरच उभारलं.

या काळाचा नायक डब्ल्यूसीजी-१ हे मालगाडीचं इंजिन. नावातली अक्षरं एकदा समजून घेतली की रुळांवरचं कुठलंही इंजिन वाचता येतं. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज (१,६७६ मिलिमीटरचे रूळ), सी म्हणजे डीसी वीज, जी म्हणजे मालगाडी. सीच्या जागी ए असेल तर एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणारी वीज, डी असेल तर डिझेल. शेवटचं पी प्रवासी गाडीसाठी, एम दोन्ही कामांसाठी. अशी ४१ इंजिनं स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमधून आली. मधे चालकाची केबिन, पुढं-मागं लांब सोंड, आणि प्रत्येक सोंडेखालच्या तिन्ही चाकजोड्या दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या. परदेशात या ठेवणीच्या इंजिनांना मगर म्हणतात. आपल्याकडं त्याचं नाव पडलं खेकडा. उभं असताना ते जो कण्हल्यासारखा आवाज करायचं आणि चालताना दांडे जसे हलायचे, त्याला हे नाव चपखल बसतं.

विजेच्या इंजिनाला वाफेसारखे दांडे कशाला, असा प्रश्न पडेल. त्यामागं घाटाचाच हिशोब होता. प्रत्येक चाकजोडीला स्वतंत्र मोटर दिली तर एखादी जोडी ओल्या जागी आली की ती एकटीच घसरते. दांड्यांनी तिन्ही जोडलेल्या असल्या की एकीला घसरायचं तर तिघींना मिळूनच घसरावं लागतं. एकीची पकड कमी झाली तरी दुसऱ्या दोघी ती भरून काढतात.

दुसरी करामत उताराची. चढताना मोटर वीज खाते. उतरताना गाडीच मोटरला फिरवते, आणि फिरवलेली मोटर जनित्र होते. १,००० टनांची गाडी कर्जतपासून लोणावळ्याला सुमारे ५७० मीटर वर नेली, तर तिच्यात साधारण १,५५० युनिट ऊर्जा साठते. उतरताना चाकांच्या घर्षणात दोनशे-सव्वादोनशे युनिट जातात. उरलेल्या तेराशेंपैकी मोटर आणि तारेतली गळती वजा जाता बराच भाग तारेत परत येऊ शकतो आणि ब्रेकचे ठोकळेही झिजत नाहीत. डीसीत मात्र एक मेख होती. परत आलेली वीज घ्यायला जवळपास कुणीतरी चढत असायला हवं. घेणारी गाडी नसेल तर तारेतला दाब वाढत जातो, वीज जायला वाट उरत नाही, आणि ड्रायव्हरला पुन्हा हवेच्या किंवा निर्वात ब्रेककडं वळावं लागतं. म्हणून चढणारी आणि उतरणारी गाडी एकाच वेळी घाटात असणं फायद्याचं पडायचं.

याच तारेखाली १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन निघाली. आरंभी ती शनिवार-रविवारची गाडी होती. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक चंदेरी रंगावर लाल पट्ट्यांची, दुसरी गडद निळ्यावर सोनेरी रेषांची. खालचे सांगाडे इंग्लंडचे, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात बांधलेले. १९६६ साली चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याचे नवे पोलादी डबे आले आणि गाडी बारा डब्यांची झाली. त्या आधीच, १९६१ साली, चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं पहिलं विजेचं इंजिन १५०० व्होल्ट डीसीचंच होतं, आणि त्याचं नाव होतं 'लोकमान्य'. पुणेकराला याहून गोड योगायोग कुठला मिळणार!

बँकर मागंच का

कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात, तेच बँकर. ती लोणावळ्याला सुटतात. पुढंच का लावत नाहीत? समजा, डब्यांचं वजन १,३०० टन आहे. चढावर त्यांना ३९ टनांचा जोर लागतो. आजचं डब्ल्यूएपी-७ इंजिन जास्तीत जास्त सुमारे ३३ टन जोर लावतं आणि त्याचं स्वतःचं १२३ टन वजनही त्यालाच चढवायचं असतं. म्हणजे एकटं पुरत नाही. सगळी इंजिनं पुढं लावली तर सबंध गाडीचा भार पहिल्या कपलिंगवर येतो. मागून ढकललं की अर्धा भार बफरांवर, म्हणजे डब्यांच्या टोकांच्या धक्के झेलणाऱ्या ठोकळ्यांवर, येतो आणि कपलिंग सुटसुटीत राहतं. शिवाय मधेच कपलिंग तुटलं तर मागचे डबे घाटातून मागं पळू नयेत म्हणून मागं इंजिन हवंच.

यात चूक होते ती वेळेची. पुढचं इंजिन ओढायला लागण्याआधी मागच्यानं जोर केला, तर मधले डबे दोन्ही बाजूंनी दाबले जातात. वळणावर हलका डबा असेल तर तो चिमटीतल्या बीसारखा बाहेर उडू पाहतो. पूर्वी ही वेळ शिट्टीच्या खुणांनी साधत, आता वॉकीटॉकीवर बोलून साधतात.

उतरताना कॅच साइडिंग असते. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडं जाणारी गाडी 'अप', त्यामुळं घाट उतरणाऱ्या गाडीला अप म्हणतात. नवख्याचा इथं हमखास गोंधळ होतो. तिच्या वाटेतला सांधा नेहमी एका चढत्या, बंद फाट्याकडं लावलेला असतो. ड्रायव्हरनं त्याच्या आधी गाडी थांबवून दाखवली की ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध होतं. मगच सांधा मुख्य मार्गाकडं फिरतो. जी गाडी थांबू शकत नाही ती आपसूक फाट्यात चढते आणि चढच तिला थांबवतो.

तारेच्या पलीकडं

दौंडच्या बाजूला डिझेलचा काळ सुरू झाला तो डब्ल्यूडीएम-२ इंजिनांनी. अमेरिकेच्या अल्को कंपनीची रचना, १६ सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. पहिली १९६२ साली तयार होऊन आली, १९६४पासून वाराणसीत बनू लागली. डिझेल इंजिन म्हणजे खरं तर स्वतःचं वीजघर बरोबर घेऊन फिरणारं विजेचं इंजिन. आतलं डिझेल यंत्र जनित्र फिरवतं आणि चाकं फिरवते ती मोटर. घोरपडीच्या डिझेल शेडमुळं पुण्याच्या एका सबंध पिढीचा लाडका काळ हाच झाला आणि तो प्रामुख्यानं कानांचा काळ आहे.

अल्को सुटताना काळ्या धुराचा लोट सोडतं. त्याचं कारण टर्बोचार्जर. तो सिलिंडरात हवा कोंबतो, पण त्याला फिरवतो तो बाहेर जाणारा धूर. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की तेल लगेच वाढतं, हवा मात्र टर्बोनं वेग घेतल्यावरच वाढते. मधले काही सेकंद तेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काजळी. हा धूर गाडीनं वेग घेतल्यावर विरला पाहिजे. विरला नाही तर हवेची गाळणी तुंबलीय किंवा इंजेक्टर गळतोय असं समजावं. धूर निळसर असेल तर वंगणतेल जळतंय, रिंगा किंवा टर्बोचं सील गेलंय. पांढरा असेल तर तेल न जळता बाहेर पडतंय किंवा कुठून तरी पाणी शिरतंय. शेडमधला अनुभवी मिस्त्री इंजिन यार्डात शिरतानाच अर्धं निदान करतो ते यावरूनच.

नंतर आलेली ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या घडणीची ४,००० अश्वशक्तीची इंजिनं दोन-स्ट्रोकची. त्यांचा आवाज अखंड, घुमणारा, अल्कोसारखा ठोक्याचा नाही. त्यांचा टर्बो कमी वेगाला थेट गिअरनं फिरतो आणि धूर पुरेसा झाला की क्लच सुटून धुरावर चालू लागतो. म्हणून सुरुवातीचा काळा लोट नाही. दोन्हींपैकी सरस इंजिन निर्विवाद दुसरं. तरी प्रेमाचा कौल पहिल्याकडं जातो, आणि त्यात काही गैर नाही.

मिरजेच्या बाजूचं मीटरगेज १९७१पर्यंत ब्रॉडगेज झालं. पुण्याहून सोलापूरकडं जाताना कुर्डुवाडीला आणखी एक वेगळा काळ भेटायचा तो बार्शी लाइट रेल्वेचा. १८९७ साली सुरू झालेल्या या मार्गाचे रूळ फक्त ७६२ मिलिमीटर अंतराचे. तिचे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ठरवलं की कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. त्यामुळं हलके रूळ पुरले, पूल स्वस्त झाले आणि आषाढीची गर्दी पंढरपूरला पोचू लागली. आता तोही मार्ग ब्रॉडगेज आहे.

डीसी का गेली

शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. खेकड्याच्या २,६०० अश्वशक्तीला १,५०० व्होल्टवर सुमारे १,३०० अँपिअर लागतात. एकाच गाडीला अशी तीन इंजिनं लावली की चार हजारांच्या घरात. इतका प्रवाह वाहायचा तर तार जाड हवी आणि सबस्टेशन दर काही किलोमीटरवर हवं, नाहीतर दाब वाटेतच ढासळतो आणि मोटर दमते. तीच शक्ती २५,००० व्होल्ट एसीवर ८० अँपिअरच्या आत मिळते. तार बारीक चालते, सबस्टेशन लांब लांब चालतात. बदल एका रात्रीत होणारा नव्हता, म्हणून दोन्ही विजांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-३ सारखी इंजिनं आली. एसीवर ५,००० अश्वशक्ती, डीसीवर ४,६००. २०१६ साली मुंबईच्या हार्बर मार्गावरची डीसीही संपली. घाटात डीसीनं वाफेहून जास्त वर्षं काढली, हे तिच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं.

नव्या थ्री-फेज मोटरचा मोठा गुण घसरण्याशीच संबंधित आहे. जुन्या डीसी मोटरला कम्युटेटर, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, असतो. भारी गाडी चढावर हलेना म्हणून प्रवाह देत राहिलं की कम्युटेटरच्या त्याच त्या पट्ट्या तापतात आणि जळतात. थ्री-फेज मोटरला तो भागच नाही. शिवाय चाक जरा जास्त फिरू लागलं की तिचा जोर आपोआप झपाट्यानं घटतो आणि चाक पुन्हा पकड घेतं.

१० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-सोलापूर वंदे भारत पुण्यावरून जाते, आणि ती बँकर न लावता घाट चढते. तिचं रहस्य नुसत्या ताकदीत नाही, वजनाच्या वाटणीत आहे. सुरुवातीच्या सोळा डब्यांपैकी निम्म्यांखाली मोटरी होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या गाडीचं वजन पकडीला मिळतं. प्रवाशांसकट पाचशे टनांच्या आत वजन धरलं, तर चढायला पंधरा टनांच्या आसपास जोर लागतो, आणि ओल्या रुळावरही तिची पकड त्याच्या दुप्पट-अडीचपट भरते. डब्ल्यूपीचे १७०पैकी ५५ टन आठवा.

फोटोतला काळ ओळखताना

घरातल्या जुन्या फोटोत मागं गाडी दिसली तर आधी इंजिनाचा टप पाहा. विजेचे चिनीमातीचे इन्सुलेटर बुटके असतील तर डीसी, उंच आणि अनेक चकत्यांचे असतील तर एसी. डीसी इंजिनाचे बहुधा दोन्ही पँटोग्राफ, म्हणजे तारेला टेकणारे सांगाडे, वर असतात, कारण प्रवाह जास्त. मग दोन डब्यांमधली जागा पाहा. एकच जाड, वळ्यांचा होज (रबरी नळी) म्हणजे निर्वात ब्रेक. दोन बारीक होज, हिरव्या आणि पांढऱ्या कॉकचे, म्हणजे हवेचा ब्रेक. दोन गोल बफर आणि मधे स्क्रू-कपलिंग असेल तर डबा जुन्या पेरांबूर घडणीचा. बफर नसतील आणि मधे मुठीसारखं एकच कपलिंग असेल तर एलएचबी या नव्या जातीचा डबा, म्हणजे फोटो २०००च्या नंतरचा. डेक्कन क्वीनला हे डबे २०२२ साली मिळाले. रंगावर मात्र विसंबू नका. जुना लाल आणि नंतरचा निळा कित्येक वर्षं एकाच गाडीत मिसळलेला असे.

टेबलावरचा घाट

कोथरूडमधलं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून सुरू आहे. तिथून परतलेल्या मुलांना घरी घाट बांधावासा वाटतो. त्यांच्यासाठी काही आकडे. सर्वांत प्रचलित माप एचओ, म्हणजे खऱ्याच्या ८७वा भाग, रूळ १६.५ मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज या मापात १९.३ मिलिमीटर यायला हवं, म्हणून विकतच्या रुळांवर आपली गाडी जरा अरुंद बुडाची दिसते. गंमत म्हणजे मीटरगेज ११.५ मिलिमीटर येतं आणि बाजारात १२चे रूळ मिळतात. जुना पुणे-मिरज मार्ग टेबलावर ब्रॉडगेजहून जास्त खरा दिसतो.

पेरांबूरचा डबा २४.५ सेंटिमीटरचा होतो. बारा डब्यांची डेक्कन क्वीन इंजिनासकट तीन मीटरच्या वर जाते. फ्लॅटमध्ये जागा कमी असेल तर १९३०ची सात डब्यांची निवडावी, ती दोन मीटरच्या आत बसते. चढ १:३७ ठेवायचा तर मीटरमागं २.७ सेंटिमीटर उंची मिळते. खालच्या रुळावर तार असेल तर वरचा रूळ दहा सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ३.७ मीटर लांबी. ६० सेंटिमीटर त्रिज्येचं एक पूर्ण वेटोळं नेमकं एवढंच चढवतं. चढाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी तीस सेंटिमीटर हळूहळू वळवून घ्या, नाहीतर तिथं कपलिंग सुटतात. मागं बँकर लावला तर तो पुढच्या इंजिनापेक्षा किंचित हळू ठेवा. जलद ठेवला तर वळणावर मधला डबा बाहेर पडतो, खऱ्या घाटात पडेल तसाच. ६० किलोमीटर वेग या मापात सेकंदाला १९ सेंटिमीटर होतो. बहुतेक जण याच्या तिप्पट पळवतात आणि मग घाट घाटासारखा वाटत नाही.

पुणे स्टेशन १९६०च्या दशकातलं करायचं ठरवलं, तर मुंबईच्या बाजूनं येणारी तार फलाटांच्या पलीकडच्या शेवटच्या खांबाला ताणून बांधा. त्यापुढचे दौंडचे रूळ उघडे ठेवा, आणि त्यांच्या मधल्या खडीला काळ्या रंगाचा हलका हात द्या.